दहिवलीची मेढ

कर्जतहून परतल्यापासून अकोल्यात जो भेटतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, माथेरान पाहिलंत का? नाही पाहिलं. मग राजमाची? तीही नाही. कोंढाण्याची लेणी तरी? लेण्यांच्या दिशेनं एकदा निघालो होतो, पण ते पुढं सांगतो. "मग एवढ्या लांब जाऊन केलंत काय?" असं विचारलं की मी खरं ते सांगून टाकतो. एका गावाच्या खळ्यावर बसून हुतुतू पाहिला. यावर समोरचा माणूस क्षणभर माझ्या तोंडाकडं बघतो आणि मऊ आवाजात म्हणतो, "बरं केलंत." हे ‘बरं केलंत’ ऐकून मी विटलो आहे, म्हणून सगळं एकदाचं लिहून काढतो.

मी कापसाची प्रत पाहणारा माणूस. गाठीतला पुंजका उपसायचा, दोन बोटांत ओढून पाहायचा आणि त्याचा धागा कसा निघेल ते सांगायचं, यात माझं आयुष्य गेलं. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. पत्नीला दमा होता आणि माझं काहीही न पटण्याची खोड होती. मी आमटी खारट म्हटली की ती अळणी म्हणे. मी छत्री घेऊ का विचारलं की नको, आणि नको म्हटलं की घ्या. शेवटची दोन वर्षं तिला आडवं होता येईना. ती भिंतीला टेकून बसे आणि मी शेजारी तिचा श्वास ऐकत पडे. तो कुठं अडकतो, कुठं सुटतो, मध्ये किती जागा रिकामी जाते, हे मला बोटांतल्या धाग्याइतकं ओळखू येऊ लागलं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली.

त्यानंतर सगळं गाव माझ्याशी सहमत झालं. मी म्हणेन ते बरोबर. पेढीवर मी मुद्दाम एकदा चांगल्या कापसाला हलका म्हटलं, तर तिथला नवा कारकूनही "हो, हलकाच वाटतो" म्हणाला. दुखवट्यातल्या माणसाला कोण कशाला नाही म्हणेल? शेवटी मालकांनी रजा दिली, हवापालट करून या म्हणाले, आणि पेढीवरच्या एका सोबत्यानं आपल्या ओळखीत दहिवली नावाच्या गावी दोन खणांची जागा पाहून दिली. मला जायचं नव्हतं. पण राहायचंही नव्हतं.

दहिवली

कर्जतला गाडी बराच वेळ थांबते. पुढं घाट आहे, म्हणून मागून आणखी इंजिनं लावतात, तोवर उतारू खाली उतरून हातपाय मोकळे करतात. मला न्यायला कोणी येणार नव्हतं, तरी मी सवयीनं फलाटभर नजर फिरवली. मग ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन निघालो. उल्हास नदीच्या पलीकडं दहिवली. नदीला गुडघाभर पाणी, आणि चहूकडं डोंगर. आमच्या वऱ्हाडात नजर सोडली की ती सोडलेल्या जनावरासारखी भटकत राहते. इथं ती लगेच डोंगराला आपटून परत येते. पहिले काही दिवस मला त्यानं कोंडल्यासारखं झालं.

ज्यांच्या घरी मी उतरलो त्या चांगुणाबाई. शेतकरी घरातल्या, साठीच्या, विधवा. मुलगा हिरू पंचविशीचा. शेतीची कामं नसली की तो रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्तीला जाई. मागच्या घरात दोघं राहत, पुढचे दोन खण मला. दोन्ही वेळा तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुके बोंबील. हे बोंबील साजगावच्या विठोबाच्या जत्रेतले. कार्तिकात तिथं देवळाभोवती सुक्या मासळीचा बाजार भरतो आणि माणसं वर्षाची बेगमी करून घेतात. आमच्याकडं विठोबाचं नाव घेतलं की ताटातला कांदासुद्धा उठतो. मी हे सांगितलं तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या, तुमचा विठोबा उपाशी असंल, आमचा जेवतो. पहिल्या दिवशी मी वासानं पाठ फिरवली. चौथ्या दिवशी भाजलेला बोंबील मागून घेतला.

दिवस बरे जात. संध्याकाळ मात्र खायला उठे. महायुद्धामुळं रॉकेलची टंचाई, त्यामुळं दिवा उशिरा लागे. घरोघर माणसं परतत, हाका ऐकू येत, आणि मी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या हाका ऐके. अकोल्यात निदान भिंतींना तरी माझी ओळख होती.

अशाच एका दुपारी, संध्याकाळ अंगावर यायच्या आत कुठंतरी लांब जावं म्हणून लेण्यांकडं निघालो. जवळची वाट म्हणून गावाच्या खळ्यातून आडवा गेलो. मळणी आटोपली होती, शेणानं सारवलेली जमीन तळहातासारखी साफ होती. खळ्याच्या मधोमध मेढ असते हे शेतकऱ्याला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. मेढ म्हणजे जाड लाकडी खांब. त्याला दावं बांधून बैल गोल फिरवतात, की पेंढ्यांतले दाणे सुटतात. या खळ्यात मेढ नव्हती. मेढीचा खड्डा तेवढा होता, वर पेंढा पडलेला, आणि त्यात माझा पाय घोट्यापर्यंत गेला. मी असा काही पडलो की चष्मा एकीकडं आणि मी दुसरीकडं.

हिरूनं मला उचलून घरी आणलं. मी म्हणालो, पाय मोडला. चांगुणाबाईंनी घोटा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "मोडला नाय. मुरगाळलाय नुसता." मी पुन्हा म्हणालो, मोडलाच आहे, मला कळतं. "काय कळतं तुमाला? नाय मोडला." आणि त्यांनी हळद-चुन्याचा लेप थापून वर एरंडाचं पान बांधलं. किती महिन्यांनी कुणीतरी मला नाही म्हटलं होतं. दुखत असूनही मला बरं वाटलं.

खळं

चालायचं नाही असा हुकूम झाला. मग संध्याकाळी हिरू मला खांद्याचा आधार देऊन खळ्यावर नेई आणि कडेच्या पेंढ्याच्या राशीवर बसवी. गावातले गडी दिवसभराचं काम उरकून तिथं हुतुतू खेळत. लंगोट कसलेली मोठी माणसं, कुणी दोन पोरांचा बाप. आमच्याकडं हा शाळकरी पोरांचा खेळ, मिसरूड फुटलं की मुलं तालमीत जातात. मला आधी हसू आलं. चांगली बाप्ये माणसं लंगडीसारखा खेळ खेळतात म्हणून.

रेघा राखेनं आखायच्या. मधली रेघ जाड, कारण परतणाऱ्या गड्याचा हात रेघेला लागला की नाही ते बोटांवरच्या राखेवरून कळावं. मेढीच्या खड्ड्यात दगड-माती ठासून जागा सपाट केली होती, माझ्या पडण्यामुळं ती आठवण झाली असावी. हिरू पहिल्यांदा चढाईला गेला तेव्हा मी शेंगा सोलत होतो. त्यानं रेघ ओलांडली आणि ‘हुतुतुतुतु’ सुरू केलं. एकच श्वास. वाकून, सरकून, हात फेकत तो पलीकडच्यांत फिरतोय, आणि तो आवाज चालूच. मला शेंगांचा विसर पडला. कधी थांबणार, कुठं अडकणार, म्हणून माझे कान टवकारले आणि माझाही श्वास मी धरून ठेवला. त्यानं एकाला पाय लावला, उडी मारून रेघेच्या अलीकडं आला आणि श्वास सोडला. मीही सोडला. 

दोन वर्षं मी असाच श्वास धरून कुणाच्यातरी श्वासाकडं कान लावून बसलो होतो. इथं फरक एवढाच की माणूस परत येत होता. जातो, श्वास संपत येतो, आणि तो आपल्या माणसांत परत येतो. पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी मी दुपारपासूनच पेंढ्याच्या राशीवर जाऊन बसलो.

आठवड्याभरात माझी अवस्था सांगण्यासारखी राहिली नाही. जेवताना मी बिरड्यात बोटानं रेघा ओढू लागलो. कोण डावीकडून शिरतो, कोण घोटा धरतो, कोण नुसता दरडावतो, सगळं पाठ. संघाचा कारभारी नागूदादा म्हणून पन्नाशीचा गडी होता, जुना खेळाडू, एका हाताची दोन बोटं कायमची वाकडी. मी त्याला शहाणपण शिकवू लागलो. हिरूला शेवटी ठेवा, आधी धाडू नका. तो म्हणे, "पाव्हणं, तुमी कापूस बघा." मी म्हणे, माझं ऐकून तर बघा. तो म्हणे, नाय ऐकत. अशी आमची रोज जुंपे आणि रोज माझी हार होई, आणि मी रात्री पोटभर जेवून झोपे.

एकदा हिरूनं मला ‘हुतुतू’ म्हणायला लावलं. चार पावलांत माझा दम संपला आणि सगळे हसले. मग घरी परतताना मी त्याला पत्नीबद्दल सांगितलं. तिचा दमा, भिंतीला टेकून बसणं, ऐकत राहणं.  त्यानंतर चढाईवरून परतला की तो आधी माझ्याकडं बघू लागला.

मेढीची गोष्ट मला चांगुणाबाईंनी सांगितली. दहिवली आणि खालापूर यांचा दर वर्षी पौषात सामना होतो. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या खळ्यातली मेढ उपटून न्यायची आणि हरणारे ती परत जिंकेपर्यंत आपल्या खळ्यात रोवायची, ही रीत. दहिवलीची मेढ खैराची, चांगुणाबाईंच्या घरधन्यानं स्वतः तासलेली. तो होता तोवर कुणाला ती नेता आली नाही. तो गेला त्याच वर्षी खालापूरकरांनी नेली, आणि ती अजून तिकडंच होती. इकडं मळणीला दुसऱ्या वाडीतून मागून आणलेली मेढ उभी करायची आणि काम झालं की परत करायची. म्हणून खड्डा मोकळा होता. चांगुणाबाई म्हणाल्या, पोरानं बापाची मेढ आणली की मी डोळं मिटायला मोकळी. हे सांगताना त्या वाल सोलत होत्या आणि त्यांचे हात थांबले नव्हते.

ठाकरवाडी

खालापूरच्या आधी सराव म्हणून मंडळी डोंगराखालच्या एका ठाकरवाडीवर खेळायला गेली. माझा पाय अजून पुरता बरा नव्हता, सगळ्यांनी नको म्हटलं, तरी मी काठी घेऊन निघालो. ओढ्यात चप्पल वाहून गेली आणि पुढचा चढ एका पायात चप्पल घालून चढलो, त्यापेक्षा अनवाणी बरं हे मला वर पोचल्यावर सुचलं. तिथं नाचणीची भाकरी आणि उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, खाल्ले. करांदा कडू असतो, पण मीठ लावून पाणी प्यालं की तोंड गोड होतं. वाडीवरचे गडी अंगानं काटकुळे आणि असे निसटते की आमच्या मंडळींच्या हाती नुसतं तेल लागावं. बायका कडेला बसून पाहत. ओरडत नव्हत्या, कुणी पडला की हसत होत्या.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या ठाकरानं मला विचारलं, यातला तुमचा कोनता? मी म्हणालो, सगळेच. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. भाऊ, पुतण्या, जावई, कुणीतरी असंलच की, नाहीतर एवढा डोंगर कोण चढंल?  मी चष्मा पुसत बसलो.

खालापूर

सामन्याच्या दिवशी पहाटे गाड्या जुंपल्या. पळसदरीच्या अलीकडं धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचा नुसता घुंगरांचा आवाज येई. खोपोलीपासून पुढं मुंबई-पुण्याच्या सडकेला लागलो आणि लष्करी मोटारींची रांग आली. बैल बुजले, आमची गाडी सडकेखाली उतरली आणि चटणी-भाकरीचं गाठोडं चिखलात पडलं. मोटारीतला एक गोरा शिपाई हात हलवून हसला. नागूदादानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्या बिचाऱ्यानं तो सलाम समजून परत हात हलवला. साजगावपाशी थांबून भाकऱ्या धुऊन खाल्ल्या. चहा गुळाचा, साखर कुठंच नव्हती. मला वाटतं माझ्या सगळ्या प्रवासातला तो सर्वांत चांगला तास होता. दहिवलीची माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांच्यात माझ्या गुडघ्याला कुणाचा तरी गुडघा लागत होता.

खालापूरला खळ्याभोवती सगळं गाव लोटलं होतं. मधोमध आमची मेढ. ‘आमची’ असं मी तेव्हाच म्हणू लागलो होतो. काळपट, उंचीनं माझ्या छातीएवढी, दाव्यानं घासून मध्ये गुळगुळीत झालेली. सामन्यासाठी त्यांनी ती उपटून कडेला उभी केली. हिरूनं जवळ जाऊन तिला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

मग पंचाचा घोळ निघाला. ठरलेला पंच तापानं पडला होता. पंच असा हवा की ज्याचं दोन्ही गावांत कुणी नाही, हा तिथला जुना नेम. आणि त्या मुलखात असा माणूस मिळणं कठीण, कारण दहिवलीच्या निम्म्या लेकी खालापूरला आणि खालापूरच्या निम्म्या दहिवलीला. तलाठ्याचं नाव निघालं तर त्याची सासुरवाडी निघाली. दुकानदाराचं निघालं तर त्याची आत्या. उन्हं कलायला लागली. तेव्हा नागूदादा उठला आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, "हे पाव्हणं हायत. ह्यांचं हितं कोन नाय, तितं कोन नाय. कुटंच कोन नाय."

खोटं काय होतं त्यात? त्यानं ते सरळ मनानं, माझा मोठेपणा म्हणूनच सांगितलं होतं. खालापूरच्या पाटलांनी मला दोन-चार प्रश्न विचारले. पत्नी? वारली. मुलं? नाहीत. भाऊबंद? नाहीत. प्रत्येक उत्तराला लोक समाधानानं माना डोलवत होते. असा निर्मळ पंच त्यांना कधी मिळाला नव्हता. मला मात्र उन्हातही गार वाटलं. महिनाभर ज्यांच्यात बसून मी एकटेपण विसरलो होतो त्यांनीच ते उचलून सगळ्यांसमोर ठेवलं होतं. मी दहिवलीच्या माणसांतून उठलो आणि मधल्या रेघेवर जाऊन उभा राहिलो.

खेळ तोलामोलाचा झाला. सूर्य डोंगराला टेकला की खेळ बंद, हे आधीच ठरलं होतं. शेवटी दहिवलीचा एकटा हिरू उरला आणि खालापूरचे दोघे. दोघांनाही मारून परतला तर खालापूरवर लोण, म्हणजे त्यांचे सगळे गडी बाद, आणि मेढ आमची. सूर्य टेकत होता. शेवटची चढाई.

हिरू गेला. मी रेघेवरून त्याच्याबरोबर सरकत होतो. एकाला त्यानं हात लावला. दुसऱ्यानं मागून कंबर धरली. हिरू त्याला फरफटत रेघेकडं येऊ लागला, ‘हुतुतुतुतु’ चालू. भोवती एवढा गलका झाला की कुणाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मी वाकून त्याच्या तोंडापाशी कान नेला होता. आणि रेघेपासून वीतभर अंतरावर त्याचा श्वास अडकला. बारीकशी ‘हिक्’ झाली, थोडी रिकामी जागा गेली आणि ‘तुतुतु’ पुन्हा सुरू झालं. मग त्याचा हात राखेवर पडला. ती रिकामी जागा मला ओळखीची होती. दोन वर्षं मी तिच्याच पाळतीवर होतो.

दहिवलीची माणसं नाचत आत शिरली. हिरूनं राखेनं भरलेला पंजा वर केला आणि नेहमीसारखं आधी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "दम तुटला. हिरू बाद."

पुन्हा सांगावं लागलं, कारण कुणाचा विश्वास बसेना. नागूदादा म्हणाला, पाव्हणं, हाताची राख बघा. राख मला दिसत होती. मी तिसऱ्यांदा तेच म्हणालो. मग खालापूरकरांनी मला उचललं, नारळ दिला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि जेवायला चला म्हणाले. त्या माळेचा मला इतका त्रास झाला की मी ती काढून मेढीवर ठेवली आणि मान खाली घालून आमच्या गाडीत जाऊन बसलो.

परतीची वाट

खोपोलीच्या वीजघराचे दिवे दिसेपर्यंत कुणी बोललं नाही. हिरू गाडीत बसलाच नाही, बैलांच्या बाजूनं चालत होता. सकाळी माझ्या गुडघ्याला गुडघा लागत होता, आता माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. शेवटी नागूदादाच फुटला.

"परका पंच असता तर त्याच्या नावानं थुकून मी गप बसलो असतो," तो म्हणाला. "पन तू? आमच्या खळ्यात पडलास, आमच्या पोरांच्या खांद्यावरनं चाललास, आमच्यात बसून भाकर खाल्लीस. आपला मानूस असून असं करतोस व्हय रं?"

महिनाभर मला तुमी म्हणणारा माणूस तू म्हणत होता. सकाळी माझं कुठंच कोन नाय असं सांगणारा हाच. मी म्हणालो, नागूदादा, मला ऐकू आलं. "कुनाला नाय आलं, तुलाच कसं आलं?" तो म्हणाला. बाकीचेही तुटून पडले. मी डोळ्यांना उपरणं लावलं. त्यांना वाटलं लाजेनं. लाज होतीच, चांगुणाबाईंच्या समोर कसं उभं राहू हेही होतं. पण खरं सांगायचं तर मला इतकं भरून आलं होतं की त्यांनी शिव्या देणं थांबवू नये असं वाटत होतं.

घरी चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. गाडीत मेढ नाही हे त्यांनी लांबूनच पाहिलं. त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. "माझ्या घरधन्याची मेढ व्हती," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मला ऐकू आलं ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगू नये असं बी असतंय. आता जेवा."

कर्जत स्टेशन

निघेपर्यंतचे दिवस गावात कुणी माझ्याशी बोललं नाही. मी खळ्यावर जाऊन पेंढ्याच्या राशीवर बसे, खेळ चाले, कुणी माझ्याकडं पाहत नसे. हिरूही नाही. चांगुणाबाईंना मी विचारलं, असं कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, रुसलीत, जाईल. बाहेरच्यावर कोन रुसतंय का?

निघायच्या दिवशी ट्रंक मी स्वतःच उचलली. नदीपर्यंत आलो तर मागून कुणीतरी ती हातातून काढून घेतली. हिरू. ती खांद्यावर टाकून तो माझ्या पुढं स्टेशनाकडं चालू लागला. कल्याणची गाडी आली, त्यानं ट्रंक आत ठेवली, खाली उतरला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

"दम नव्हता तुटला," तो म्हणाला.

"तुटला होता."

"नव्हता. माझा दम हाय, मला ठावं नसंल?"

मी त्याला म्हणालो, मला श्वासाचा आवाज कळतो, तुला सांगितलंय मी. त्यानं मान हलवली. चिडलेला नव्हता, समजूत घातल्यासारखं बोलला.

"तुमाला आयकू आला त्यो तुमच्या मंडळींचा, दम्यातला. तुमच्या कानातनं त्यो अजून गेला नाय. माझा नव्हता."

गाडी हलली. मी खिडकीतून ओरडलो, तुझाच होता. तो फलाटावरून चालत म्हणाला, नव्हता. मी म्हणालो, होता. फलाट संपला तरी तो नकारार्थी मान हलवत उभा दिसत होता. मी इतक्या आनंदात फार वर्षांत कुणाचा निरोप घेतला नव्हता. कल्याण येईपर्यंत मात्र त्याच्या बोलण्याचा अर्थ हळूहळू आत उतरला, आणि मग डब्यात मला कुणाकडं बघवेना.

अकोला

पेढीवर जाणं पुन्हा सुरू झालं आहे. कापूस यंदा बरा आहे. संध्याकाळी मंडळी येऊन बसतात, आणि मी त्यांना खालापूरची शेवटची चढाई सांगतो. सगळं सांगतो, हिरू स्टेशनावर काय म्हणाला तेसुद्धा. मग विचारतो, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणतात, तुम्ही म्हणता म्हणजे तुटलाच असणार. तुमचंच बरोबर.

खरंच माझं बरोबर होतं का, हे मला आता सांगता येत नाही. कधी ती ‘हिक्’ हिरूच्या तोंडून येते, कधी आमच्या भिंतीपाशी बसलेल्या माणसाच्या. चुकलो असेन तर त्या म्हातारीच्या नवऱ्याची मेढ मी माझ्या दुःखापायी परक्या खळ्यात ठेवून आलो. पुढच्या पौषात दहिवलीला जाणार आहे. पंच म्हणून नाही. आता तो नेमही आड येईल.

मंडळी उठून गेली की मी दिवा न लावता बसतो. "तुटला होता," मी मोठ्यानं म्हणतो. आणि थोडा वेळ थांबतो. ती असती तर नव्हता म्हणाली असती.